नावानिशी

सावद्याच्या वजनकाट्यावर सुभान तडवी
खिडकीतून तीन आकडे टाकायचा:
अकरा, एकवीस, चौदाशे.
रिकामी गाडी, भरलेली गाडी, दर.
माझी ओळ ते आले तसे झेलायची,
पहिला पहिल्या कप्प्यात, दुसरा दुसऱ्या.
चार वर्षं काही चुकलं नाही,
कारण चार वर्षं सुभान आजारी पडला नाही.

मग त्याला कावीळ झाली, भाचा बसला खिडकीत.
त्याने आधी भरलेली गाडी सांगितली.
यंत्राला काय, आकडे दोन, कप्पे दोन.
त्या रात्री उणे दहा टन केळी
दिल्लीच्या रस्त्याला लागली
आणि धांडे शेठचा फोन आला:
"ताई, आता काय व्यापाऱ्याले आपूनच पैसे द्याचे?"

फैजपूरहून स्कूटीवर गेले, कानाला मफलर.
ट्यूबलाइटखाली ओळ मोडून पुन्हा लिहिली:

    नोंद(भरलेली: २१, रिकामी: ११, दर: १४००)

भाच्याने उलटं सांगून पाहिलं, सुलटं सांगून पाहिलं,
दर मधेच घुसवून पाहिला.
दहा टन ते दहाच टन.
"हे तर आपुन बोलतो तसंच झालं," तो म्हणाला.

खरंच की.
गफूरने सलीमले घड दिला.
सलीमले घड दिला गफूरने.
दिला घड, गफूरने, सलीमले.
कुणी कुठेही बसो,
ने म्हणजे देणारा, ले म्हणजे घेणारा.
शाळेत बाई 'ले' खोडून 'ला' करायच्या, लाल शाईने,
पण घड सलीमलाच मिळायचा.
घडाला मात्र काहीच चिकटलेलं नाही.
तो नुसता पडून असतो मधे,
कुणीतरी उचलेल म्हणून.

सगळ्या भाषा असं करत नाहीत.
एक आहे, ती नाव विचारतच नाही,
रांगेत उभे राहा म्हणते.
एक नावं घेते, पण सगळी एका पिशवीत कोंबते
आणि पिशवी शेवटी हातात देते.
पूर्वी ती आपोआप सुटायची.
एका वर्षी सुटेना, पुढे दोन चांदण्या लावल्याशिवाय,
आणि माझे तीन रविवार त्यात गेले.
न सांगितलेल्याचंही काही ठरलेलं असतं:
गाव सांगितलं नाही तर सावदा.
हमाली सांगितली नाही तर शून्य.
हे शेठनी ठरवलं, मी नुसतं लिहिलं.
नुसतं लिहिलं, असं मी म्हणते खरी.

पण नाव एकदा बाहेर गेलं
की ते आपलं राहत नाही.
मार्चमध्ये मी 'रिकामी'चं 'बारदान' केलं,
जरा भारदस्त वाटलं म्हणून,
तर रावेर, चिनावल, निंभोरा, तिन्ही काटे अडले.
ते अजून जुन्याच नावाने हाक मारत होते.
आत कप्पा तोच, वजन तेच.
असं कुणी इथे नाही, यंत्र म्हणत राहिलं.

आईचं माहेरचं नाव मथुरा.
लग्नात ताटातल्या तांदळावर
वडिलांनी अंगठीने 'निर्मला' लिहिलं.
रेशनकार्ड, सातबारा, माझ्या दाखल्यावर, सगळीकडे तेच.
मागच्या आखाजीला भालोदच्या थांब्यावर
पलीकडून एक म्हातारी ओरडली: "ए मथे!"
कुणाला बोलावते म्हणून मी बघायला वळले.
आई माझ्या आधी वळली होती.
एक्केचाळीस वर्षांनी,
हातातली पिशवी खाली ठेवून.

घरी येऊन मी दोन्ही नावं चालतील असं केलं.
जुन्या नावाला पिवळ्या अक्षरांत एक सूचना जोडली:
हे नाव यापुढे वापरू नये.
जेवताना ती काढून टाकावीशी वाटली.
उठून काढून टाकली, हात न धुता.

सुभान परत आलाय, डोळ्यांत अजून थोडं पिवळं.
तो आकडेच टाकतो, अकरा, एकवीस, चौदाशे,
आणि भाचा शेजारी बसून
एकेकाला नाव लावतो.