नुसतं ऐकणारं स्टेशन

टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली,
मधे तोंड घातलं नाही.
त्यामुळे क्लबाच्या सभेत गायधनी जेव्हा म्हणाले,
"बोरस्तेबाई, रिपीटरचं आम्ही बघतो, तुम्ही नुसतं ऐका,"
तेव्हा आधी हसूच आलं.
राग नंतर आला, रविवार कारंजा ओलांडून
रिक्षा होळकर पुलावर चढली तेव्हा.

मग तेच केलं.
म्हसरूळच्या गच्चीवर ॲल्युमिनियमचा दांडा,
खाली जिन्यात, बिस्किटाच्या डब्यात,
भाच्यानं दिलेला पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर
आणि एक जुना सेट, ज्याची बोलायची कळ
मी स्वतः स्क्रू काढून बाजूला ठेवली.
हवेतून खर्र आलं की डबा ते उलगडतो:
कोण, कुठे, किती वेगात, तोंड कुठल्या दिशेला.
इंटरनेटवर चढवतो आणि विसरतो.
ही विसरायची सवय आमच्या एक्सचेंजमध्येही होती.

कॉलसाइनमागे सात म्हणजे हातात सेट घेऊन पायी निघालेला माणूस.
नऊ म्हणजे गाडी.
अकरा म्हणजे फुगा. तो एकदाच ऐकू आला,
कॉलेजच्या पोरांनी सोडलेला, दिंडोरीवर नऊ किलोमीटर उंच;
उतरताना द्राक्षबागांच्या कुठेतरी वर
माझ्या कानातून सुटला.

गुरुवारी गायधन्यांची नऊ निघते.
पेठ, हरसूल, तिकडच्या दवाखान्यांना थंड पेट्यांतून लशी पोचवायच्या.
मला काय त्याचं.
पण डब्याला भांडण ठाऊक नाही.
रामशेजपर्यंत त्यांना गावातली तीन स्टेशनं ऐकतात,
पुढे सावळ घाटात माझं एकटं.
ट्रॅकर सरळ रस्त्यावर गप्प असतो,
वळण आलं की लगेच ठिपका टाकतो.
घाटात माणूस जास्त बोलका होतो,
असं मी उगाच धरून चालले.
प्रत्येक ठिपक्याखाली बारीक अक्षरात येतं, कुणी ऐकलं.
दोन वर्षं, दर गुरुवारी, त्यांच्या एकेका वळणाखाली
माझं कॉलसाइन. पोचपावतीवरच्या सहीसारखं.

माघात लेकीकडे जळगावला गेले, दहा-बारा दिवस.
इकडे सोसायटीनं गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलं.
कामावरच्या पोरांनी केबल मधे येते म्हणून कापली,
नीट गुंडाळून ठेवली, वर वीट.
मला पत्ता नाही.
नकाशावर तेवढे दोन गुरुवार
जाताना एक ठिपका रामशेजला, येताना एक रामशेजला,
मधे पाच तास काही नाही.
नकाशाला वाटलं असेल, गाडी तिथेच उभी होती.

परत आले तर फाटकापाशी गायधनी.
वर्तमानपत्राच्या कागदात कनेक्टर, पिशवीत सोल्डरिंग गन.
"दोन गुरुवार तुम्ही नव्हतात," म्हणाले.
मी म्हटलं, स्टेशन नव्हतं. मी जळगावला होते.
"तेच ते."
सभेचा विषय निघाला नाही.
चहाचं विचारलं तर म्हणाले, आधी केबल.

अडुसष्ट वर्षांचा माणूस, एक गुडघा धरत
टाकीवर चढला. मी खाली,
एका हातात शिडी, एका हातात फोन.
बऱ्याच वेळानं खर्र झालं.
फाटकाबाहेर उभी त्यांचीच गाडी:
वेग शून्य, ऐकलं मी.
नकाशावर त्यांचं गाडीचं चित्र
माझ्या घराच्या चित्रावर असं चढून बसलं
की घर दिसेना.

"येतंय का काही?" वरून ओरडले.
आणि जरा थांबून, "बाई, येतंय का?"
मी लगेच उत्तर दिलं नाही.
थोडा वेळ नुसतं ऐकलं.