रोजचा फरक

युअर्ट किनलॉक, निवृत्त क्रेनवाला,
ग्रीनॉकच्या लिलावात छपराचे पैसे
एका पेटीवर उधळून आला.
आत पितळी कड्यांत झुलणारं
आरमाराचं घड्याळ, तबकडीवर बाण.

रोज सकाळी आठला
तो ते तान्ह्या पोरासारखं पालथं करतो,
साडेसात वेढे. आठवा नाही.
मग रेडिओचे सहा ठोके, मग वही:
पावणेदोन सेकंद मागं.
काटे मात्र हलवत नाही.
चुकेना का, म्हणतो,
रोज सारखंच चुकलं
की त्याच्या भरवशावर जहाज सोडता येतं.

झाकणाच्या आत पिवळा कागद,
कुणा सब-लेफ्टनंटचं शिसपेन्सिलीतलं अक्षर:
पावणेदोन, पावणेदोन, दोन,
पावणेदोन.
नऊ मार्चला: दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर.
जहाज दहाला गेलं, दुसरं घड्याळ घेऊन.
पुढचं युअर्टनं शोधून काढलंय.
बोलत नाही.

छप्पर अजून गळतं.
आयला बादली सरकवते, पेटी कोरडी आहे ना बघते,
आणि विचारते, वाजले किती?
तो वही उघडतो,
महिन्याभराची चूक मिळवतो,
वर उन्हाळ्याचा एक तास,
आणि सांगेपर्यंत
चहा निवलेला असतो.