यतिभंग

कोशासाठी नोंद हवी होती, चाळीस शब्दांत:
नवलकर, गोजराबाई. जन्म अज्ञात. मुंबई.
एकच पुस्तक, शिळाछापाचं, किंमत दोन आणे.
ग्रंथालयातल्या प्रतीची शेवटची आठ पानं खाऊन
कसरीनं आपला अभिप्राय आधीच दिलेला.

बाकीचे मी उतरवून घेतले.
पहिला म्हणतो, स्त्रीजातीच्या मानाने शुद्धलेखन बरे.
दुसऱ्याला खात्री, लिहिणारा तिचा दीर असणार,
कारण दिराला संस्कृत येत होतं.
(दिराच्या नावावर एक ओळ सापडत नाही.)
पुढे एका प्राध्यापकांनी तिला कोमल म्हटलं
आणि मग साठ वर्षं सगळेच कोमल म्हणत राहिले,
पुस्तक न उघडता.
परवाच्या चर्चासत्रात ती बंडखोर झाली.
तेही न उघडता.

दोष मात्र सगळ्यांना एकच दिसला:
शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षराशी थांबायचं
तर बाईंचा शब्दच तिथे मधोमध चिरतो.

माझे नाव कुणी न घेत विहिरीला मात्र ठाऊक ते

टेबलावर बोटं आपटत म्हणून पाहिलं.
विहिरी. इथे बारा. मग श्वास. मग ला.
पोहरा सोडल्यावर
पाण्याला लागेपर्यंत थांबावं लागतं
तेवढंच.

असेलही चूक.
घाईत असेल, चुलीवर काही असेल.
(दिराबद्दल कुणी म्हणालं असतं का, चुलीवर काही असेल?)
काही ठरेना, तेव्हा उठून मुगभाटात गेले.

विहीर आहे. हीच तिची, असं नाही.
वर मलेरियावाल्यांनी ठोकलेली लोखंडी जाळी,
जाळीवर कुणाची पायपुसणी वाळत.
वाकून ओळ म्हटली, हळू.
रखवालदार म्हणाला, मॅडम, टँकर उद्या येतो.

नोंदीत कोमल लिहिलं नाही, बंडखोरही नाही.
लिहिलं: यती क्वचित शब्दाच्या पोटात. ऐकून पाहावे.
आणि ती ओळ दिली.
शब्द सत्तेचाळीस झाले, संपादक रागावले,
पण छापायला गेलं.

मुद्रितं आली. कोशाचा रकाना अरुंद,
ओळीच्या टोकाला विहिरी-
आणि खाली, एकटं, ला.
समासात तांबड्या पेनानं कुणीतरी:
शब्द तुटला आहे, जोडावा.

मी त्याखाली लिहिलं,
असू द्या.