चाबी

हेडसरांच्या टेबलाच्या खणात,
खडूच्या चुऱ्यात, वाकलेल्या टाचण्यांत
पडलेली असायची संडासाची चाबी.
साहेब यायचे त्या दिवशी ती निघायची.
दार उघडायचं, चुना लागायचा, फोटो व्हायचा,
चाबी परत खणात.

मी नवीन होते. सातवीला विचारलं,
"संडास कोणाचा रे?"
कोणी म्हणालं सरकारचा, कोणी ग्रामपंचायतीचा.
मागच्या बाकावरून आचल म्हणाली,
"चाबीचा, मॅडम."

पोरी सकाळपासून पाणी पीत नव्हत्या.
हे मला कळायला दिवाळी उजाडली.
बाटल्या भरून आणायच्या, भरलेल्याच न्यायच्या,
आणि चारची घंटा झाली की
पऱ्हाटीच्या वावराकडे पळायच्या.

मग एका शनिवारी आम्ही कुलूप काढलं.
पट्टी, दोरी, वहीचं मधलं पान.
लिहा म्हटलं, काय काय नाही ते.
नळ आहे, पाणी नाही.
खिडकी आहे, ती कबड्डीच्या मैदानाकडे.
कडी आहे, पण पहिलीतल्या रेणूचा हात
तिच्याखाली एक वीत आणि चार बोटं.
ओढणी अडकवायला खिळा नाही.
हे मला सुचलंच नसतं.
इंजिनिअरच्या कागदावर तर नुसत्या टाइल्स होत्या.

प्रज्वलच्या बापाचं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान.
सायकलच्या जुन्या चेनकव्हरची
त्यानं दुसरी कडी केली, रेणूच्या उंचीची.
थोडी वाकडी बसली.
लावताना अजून कुरकुरते,
बाहेरच्या पोरीला कळतं, आत कोणी आहे.

अवघड होतं ते पुढंच.
फळ्यावर पाळी लिहायला मॉनिटरला सांगितलं.
झाडं, वर्ग, फळा, पाण्याची टाकी,
नावं कशी छान विखुरलेली.
आणि संडासाखाली आठवडाभर
तीच तीन पोरं, एकाच मोहल्ल्यातली.
कोणी शिकवलं नव्हतं.
अक्षर सुंदर होतं मॉनिटरचं.
त्या तिघांनी वाचलं, मान हलवली,
हजेरीला हलवतात तशी.

मी पुसलं. ओल्या फडक्यानं, दोनदा.
अकारविल्हे लिहिलं.
पहिलं नाव अथर्व.

त्याची आई आली. डोक्यावर पदर, दारातच उभी.
"घरी त्यो ताट नाई उचलत मॅडम,
अन् इथं तुमी त्याले..."
वाक्य तिनं पुरं केलं नाही.
मीही नाही केलं.
चहा विचारला, ती नको म्हणाली.

सोमवारी अथर्व आला नाही.
मंगळवारी मी खराटा घेऊन आत होते
तेव्हा दारात सावली पडली.
पावडरीचा अख्खा पुडा त्यानं एकदम ओतला,
बादली पायावर सांडवली.
"असं नाई बे," नयन म्हणाला, तिघांतला एक,
त्याच्या हातातला ब्रश घेतला नाही,
फक्त धरायचा कसा ते दाखवलं.

सगळं ठीक झालं असं नाही.
एप्रिलात बोअर आटते,
मग प्रत्येकानं घरून एक बाटली.
दोघं-तिघं विसरतात, काही मुद्दाम विसरतात.
एक जण भिंतीवर बदाम काढून बाण मारतो,
आपली पाळी आली की आपणच घासतो.

चाबी अजून खणात आहे.
कुलूप कुठं गेलं, कोणी विचारत नाही.

काल मधल्या सुट्टीत आचल
बाटली तोंडाला लावून घटघट प्यायली,
हनुवटीवरून गळेपर्यंत,
मग रिकामी बाटली हलवत म्हणाली,
"मॅडम, टाकीत हाये का पानी अजून?"