हातचा

एकोणीस वर्षं मी ग्रिम्स्बीच्या कौन्सिलमध्ये
इतरांचे पगार काढले.
कचरागाडीवाल्यांचे, ग्रंथपालांचे,
शाळेबाहेर पिवळा कोट घालून
रस्ता अडवणाऱ्या बायकांचे.
सव्वीस तारखेला गावात जे काही हसू फुटायचं
त्यात आपलाही आणा-दोन आणे वाटा,
असं मी धरून चालले.

राजीनामा दोन ओळींचा.
ग्लेनिसने वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.
"फिल्म? हातांची?"
हो. फक्त हातांची.
चेहरे नाहीत, मागे संगीत नाही.
"आणि पैसे कोण देणार त्याचे?"
मी केक कापला.
लिंबाचा होता, मधोमध कच्चा.

बाबा अडतीस वर्षं टपालखात्यात,
शिक्का तिरका पडला तर जेवण न जाणारे.
मिरजेहून म्हणाले, "रजा टाकलीस ना?"
नाही बाबा. सोडली.
मागे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी झाली.
"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,"
आणि लगेच,
"थंडी पडली का तिकडे?"

पडली.
पहाटे साडेचारला गोदीमागच्या धुरीघरात
बॅरी हॅडकच्या जोड्या सळईला टांगतो.
न धुतलेल्या कपाच्या तळासारखी नखं.
लेन्सवर काजळी बसते,
माझ्या केसांचा वास तीन दिवस जात नाही,
बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते.

आयव्ही चौऱ्याऐंशीची.
लग्नाआधी परसदारी खिळ्याला दोर अडकवून
ट्रॉलरांची जाळी विणायची.
आता दोर नाही, खिळा नाही, ट्रॉलरही नाहीत.
म्हटलं, तरी दाखवा ना.
तिने हवेतच सुरुवात केली.
गाठ, फास, ओढ. गाठ, फास, ओढ.
सहा मिनिटं मी कॅमेरा हलवला नाही.
दोनशे तीन जणांनी उघडून पाहिलं,
बहुतेक पहिल्याच गाठीला निघून गेले.
शेवटपर्यंत चौदा वेळा पाहिलं गेलंय.
त्यातल्या नऊ वेळा मी.

पहिल्या तिमाहीची कमाई
अकरा पौंड चाळीस.
हेरंब काही बोलत नाही.
हीटिंगचा काटा सतरावर आणून ठेवतो.
मी येता-जाता अठरा करते.
आमचं भांडण एवढंच,
दिवसातून चार वेळा.

रात्री वही उघडते, सवय जात नाही.
बेरीज करताना ओठ हलतात.
शाळेत कुंटेबाई सांगायच्या,
हातचा विसरू नका गं,
डोक्यावर बारीक लिहा, पुढच्या घरात मिळवा.
मी लिहीत गेले.
जेवणाच्या सुट्टीत पाहिलेला
मासे कापणाऱ्याच्या मनगटाचा एक झटका,
बसमधल्या बाईच्या बोटात
सैल होऊन फिरणारी अंगठी,
सगळं बारीक, डोक्यावर.
एकोणीस वर्षं पुढचं घरच आलं नाही.
आता आलंय तर
त्यात काय काय मिळवायचं होतं
ते नीट वाचता येत नाही.

गेल्या गुरुवारी ग्लेनिस आली.
सहज, म्हणाली.
नवीन सॉफ्टवेअर आलंय, माणसं कमी करणार आहेत,
तिचं नाव यादीत आहे की नाही
ते ती बोलली नाही, मी विचारलं नाही.
चहा घेता घेता तिचा उजवा हात
टेबलावर चालायला लागला.
नसलेल्या बटणांवर, न बघता,
सात, शून्य, चार, अधिक,
करंगळीने अधिक, पुन्हा अधिक.
तिला कळतही नव्हतं.

कॅमेरा वरच्या खोलीत, चार्जिंगला.
जिना तेरा पायऱ्यांचा.
मी उठले नाही.

ती गेल्यावर बिस्किटांच्या भुग्यात
तिच्या बोटांचे ठसे दिसले,
ओळीत, तीन-तीन.
आणि उजवीकडे खाली, एकूणच्या जागी,
भुगा अगदी दाबून बसलेला.