कॅप्स लॉकच्या जागी

फणसे साहेब निवृत्त झाले तेव्हा
बँकेनं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं
आणि मला त्यांचा कॉम्प्युटर.

दांडिया बाजार शाखा, दुसरा मजला.
खिडकीतून सुरसागरचा एक तुकडा दिसतो,
तोही एसीच्या डब्यानं कापलेला.

पहिला दिवसभर मी ओरडत होते.
म्हणजे बोटं ओरडत होती.
त्यांनी कंट्रोल आणि कॅप्स लॉक यांची अदलाबदल करून ठेवलेली,
सेव्ह करायला जावं
तर कर्जदारांची नावं अंगावर येत,
सगळीच्या सगळी मोठ्या अक्षरांत.

माउस ड्रॉवरमध्ये होता,
स्वतःच्याच वायरीत गुंडाळलेला.
‘लागला तर घ्या,’ जाताना म्हणाले होते,
पान न खाणाऱ्याला बडीशेप पुढे करावी
तशा आवाजात.

आणि तो कीबोर्ड!
पाट्यासारखा जड, प्रत्येक बटणाला टाळी.
खालून कॅशमधल्या हेत्वीनं फोन केला:
‘उपर गरबा चाले छे के?’
मी तो वर्तमानपत्रावर उलटा केला.
बटाट्याच्या काड्या, लीलो चिवड्याच्या,
एक टाचणी, एक पांढरा केस,
आणि एक मनुका,
इतका वाळलेला की त्याला आता
हार्डवेअरच म्हणायला हवं.

मला चपटी, मुकी बटणं आवडतात.
पांढरा पडदा आवडतो, दुधासारखा,
आणि अर्ध्या शब्दात ओळखणारा एडिटर.
साहेबांना सांगितलं होतं एकदा.
‘जो आपलं वाक्य पुरं करतो,’ ते म्हणाले,
‘त्याच्याशी लग्न करावं. काम करू नये.’
(माझं लग्न झालेलं नाही,
हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.
मग बराच वेळ टकटक.)

चौथ्या शनिवारी, शाखा बंद असताना,
पेन ड्राइव्ह घेऊन बसले.
सगळं पुसायचं, नवं टाकायचं.
पुसण्याआधी सहज ती फाईल उघडली,
टिंबानं सुरू होणारी, लपून राहणारी,
ज्यात माणूस यंत्राला आपल्या खोडी शिकवतो.
काळ्यावर हिरवी, सहाशे बारा ओळी.
मराठी, पण रोमन लिपीत,
कारण तेव्हा देवनागरीचे चौकोन व्हायचे.

*डावी करंगळी वाकत नाही. स्कूटर, अकोटा पूल.*
खाली ती अदलाबदल.

*पांढऱ्यावर डोळ्यांत पाणी येतं.*

*मार्च एंडिंग, रात्रीचे दोन. हे चाललं. हात लावू नये.*

*हे काय करतं आठवत नाही. काढलं की प्रिंटर रुसतो.*

अक्षराचा आकार: बारा.
मग चौदा. मग अठरा.
जुना आकडा पुसलेला नाही, नुसता बाद केलेला,
प्रत्येकापुढे तारीख,
दारावर मुलांची उंची लिहितात तशी.
शेवटचा बावीस, गेल्या दिवाळीतला.

मी पुसलं.
पांढरा पडदा आणला, माझा एडिटर आणला.
प्रिंटरची ओळ तेवढी ठेवली,
आणि ती अदलाबदल, म्हटलं दोन दिवस.

सोमवारी फोन केला, प्रिंटरबद्दल विचारायला.
‘कुठला प्रिंटर?’ ते म्हणाले.
मग घरी काय वापरता?
‘सुनेचा टॅब आहे. बरा आहे.
फक्त बोटं कुठं टेकवायची कळत नाही.’
थोड्या वेळानं: ‘कीबोर्ड उलटा केलात का?’
नाही, म्हणाले मी.

त्याला आता दुसरा मार्च आला.
घरी माझा चंदेरी लॅपटॉप आहे, कागदाएवढा,
रात्री त्यावर स्वतःचं काहीबाही लिहिते.
सेव्ह करायला करंगळी
जाते ती थेट कॅप्स लॉकवर.
काहीही सेव्ह होत नाही.
मजकुराच्या मध्येच एक S उमटतो,
आणि पुढची ओळ
ओरडत सुरू होते.