डावा दंड

नऊच्या फेरीबोटीतून निळी शीतपेटी उतरली
मासळीच्या पाटल्यांना खेटून,
आणि आत, बर्फाच्या दोन विटांमध्ये,
अकरा.
मी सत्तर मागितल्या होत्या.
पुन्हा मोजल्या. मोजल्याने वाढत नाहीत
हे ठाऊक असून.

परिपत्रक म्हणतं, पहिला हक्क आरोग्य कर्मचाऱ्यांचा.
म्हणून दार लोटून, पडदा ओढून
मीच माझ्या डाव्या दंडात टोचून घेतली.
पोस्टरवरचं हसरं बाळ तेवढं बघत होतं.
उरल्या दहा.

पडदा सारला
तर बाहेरच्या बाकावर अर्धं दिवाडी बेट येऊन बसलेलं.

फ्लोरिंदाला सातवा महिना. ती पहिली.
एका सुईत दोघं:
इतका स्वस्त हिशेब नंतर दिवसभर जुळला नाही.
मग दमेकरी तुळशीदास.
मग रुझार, जो आठवड्यातून दोनदा बांबोळीला जाऊन
रक्त धुऊन येतो आणि वाटेत सगळ्यांना हसवतो.
मग पासष्टीच्या पुढचे पाच, एकामागून एक,
बाही वर करायलाच ज्यांना वेळ लागतो.

कायतानबाबचं वय आधार कार्डावर त्रेसष्ट,
चर्चच्या वहीत अडुसष्ट.
जन्मभर पाच वर्षं लपवून धाकटा राहिला,
आज म्हणतो, बाय, वहीच खरी.
मी वही खरी मानली.

उरली एक.

तेवढ्यात सायकलचा भोंपू वाजवत
इनास पोदेर आला, आमचे चार उंडे द्यायला.
वय एकोणतीस. काही मागायला आलाच नव्हता.
सकाळ-संध्याकाळ मिळून एकशे चाळीस दारं,
प्रत्येक दारात पाव, पावामागून सुटे पैसे,
सुट्या पैशांमागून जे काय असेल ते.
यादीत त्याच्यासाठी रकाना नाही.

यादीत आहे सेराफिना, अठ्ठ्याऐंशी,
दोन पावसाळे उंबरा न ओलांडलेली.
तिच्याकडे जाणारी माणसं दोनच:
एक मी. दुसरा हा.
म्हाताऱ्या अंगात लस नीट रुजत नाही,
प्रशिक्षणात सांगितलं होतं,
पण रुजत नाही म्हणजे देऊ नका
असं कुणी सांगितलं नव्हतं.
कुंपण घराला घालावं की वाटेला?
पणजीला फोन लावला.
पणजी म्हणाली, पुढची खेप येईल.
कधी, ते पणजीलाही माहीत नव्हतं.
आठ दिवसांवर बोंदेरां,
झेंडे शिवून तयार,
पलीकडच्या तीरावरून माणसांची रीघ लागणार,
खोकत, नाचत.

मी इनासला म्हटलं, बाही वर कर.
तो म्हणाला, मला कशाला? मी तर ठणठणीत.
म्हटलं, म्हणूनच.
वर्गवारीत लिहिलं: इतर.
मग सेराफिनाच्या नावापुढे पेन ठेवलं
आणि तसंच उचललं.
बरोबर केलं का, ते रजिस्टर सांगत नाही,
रजिस्टर फक्त आकडा जुळवतं.
आकडा जुळला.

बाकावर अजून वीसेक जण होते.
कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.
एक जण तेवढा म्हणाला,
आमच्या वेळी ताप नुसता यायचा, आणि जायचा.
तो कुणाकुणाला घेऊन जायचा, ते नाही बोलला.

सहाच्या फेरीबोटीवर दोर ओढायला बाबलो.
दिवसातून चाळीस खेपा, चाळीस वेळा सगळं बेट
त्याच्या अंगावरून चढतं-उतरतं.
मला त्याची आठवण
बोटीच्या फळीवर पाय ठेवल्यावर झाली.

संपल्या? त्याने विचारलं.
संपल्या.
त्याने दोर सोडला, कोपरात तोंड घालून खोकला,
मांडवीचं गढूळ पाणी फिरलं.

मी बॅग डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतली.
बाबलो म्हणाला, बाय, दे इकडे, मी धरतो.
दंड दुखतोय ना तुझा.

नाही रे, म्हटलं.
झोपेत अवघडलाय.